तांबड्या राजाला दिलेले बाराशे चिरे

मौजे कांदळकोंड, तालुका रत्नागिरी, येथील साकव पुरात वाहून गेल्याला दोन वर्षे तीन महिने झाले होते आणि ही बाब संबंधितांच्या निदर्शनास वेळोवेळी आणून दिलेली होती. मी त्या ग्रामपंचायतीचा लिपिक, विनीत. निदर्शनास आणून देणे हे माझेच काम असल्यामुळे ते किती वेळा झाले हे छातीठोकपणे सांगू शकतो. सतरा वेळा. त्यांपैकी चार पत्रे ही आधीच्या स्मरणपत्रांची आठवण करून देणारी स्मरणपत्रे होती.

गाव पूर्णगडच्या अलीकडे, खाडीच्या एका फाट्यावर वसलेले आहे. फाट्याच्या समुद्राकडच्या अंगाला खालची वाडी, रस्त्याच्या अंगाला वरची वाडी. शाळा, एसटी, रेशन, दवाखान्याची गाडी हे सगळे वरच्या वाडीपर्यंत येते. खालच्या वाडीत फक्त माणसे राहतात. ओहोटीला ढोपरभर चिखल तुडवून पलीकडे जाता येते, भरतीला धाकू तांडेलाच्या होडीतून, आणि हे दोन्ही नको असेल तर डोंगराला वळसा घालून नऊ किलोमीटर चालत. आमच्या लोकांच्या मोठ्या होड्या पूर्णगडच्या बंदरात असतात. फाट्यात चालणारी होडी ती एकच.

शहरातल्या वाचकाला वाटेल की गाव हातावर हात ठेवून बसले होते. तसे नव्हते. महिपत गवंड्याने आपल्या खाणीतले बाराशे जांभे चिरे फुकट दिले होते आणि ते फाट्याच्या काठी नीट रचून ठेवले होते. किंजळीचे चोवीस वासे होते. मोडीत निघालेल्या ट्रॉलरचे लोखंड होते. चाळीस माणसे श्रमदानाला तयार होती. महिपत म्हणायचा, मला तीन आठवडे द्या, चौथ्या आठवड्यात वरात न्या साकवावरून. कमी होती ती फक्त परवानगीची. फाट्यातले पाणी एका खात्याचे, पाण्याखालचा चिखल दुसऱ्याचा, चिखलात उगवलेली कांदळं तिसऱ्याची, आणि ही तीन खाती एकमेकांशी फक्त माझ्यामार्फत बोलत.

सरपंच सगुणाकाकी डोर्लेकर. पस्तीस वर्षे डोक्यावर मासळीची पाटी घेऊन हिंडलेली बाई, कोणाला भीत नाही. पण त्या पौषात काकी धास्तावल्या होत्या. मुलगा हर्षद मुंबईला गोदीत कामाला, आणि सून अक्षया गरोदर. डॉक्टरांनी आषाढ अवसेच्या आसपासची तारीख दिली होती. शिवाय पहिल्या खेपेला तिला अतिरक्तस्राव झाला होता आणि बाळही हाती लागले नव्हते. त्यामुळे या वेळी कळा सुरू होताच दवाखाना गाठायचा, असे डॉक्टरांनी बजावले होते. आषाढ अवसेला भरतीचे पाणी आमच्या फाट्यात पुरुषभर चढते.

"विनीत, पावसाआधी साकव उभा ऱ्हायला पायजे," काकी म्हणाल्या. "बाकी तू काय लिवतोस ता लिव."

मी अठरावे पत्र लिहायला घेतले, तोच वरून पत्र आले. विषय होता, ‘संसाधन-विनिमय व परस्परसंवाद क्षमतावृद्धी अभियान’. त्यात म्हटले होते की, गावांची कामे रखडतात ती अधिकाऱ्यांमुळे नव्हे, तर गावांना देवाणघेवाण येत नाही म्हणून. सबब प्रत्येक सरपंचाने जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन संगणकावर राज्य चालवण्याचा एक खेळ खेळावा. खेळात संगणकाचे चार राजे असतील. त्यांच्याशी दगड, लाकूड, लोखंड, धान्य व विद्या यांची अदलाबदल करावी. ज्या गावाला जे काम हवे आहे त्याची विद्या जो सरपंच खेळात मिळवील, त्याच्या गावाचा प्रस्ताव पुढे सरकेल. साकव मागणाऱ्या गावाने पूलबांधणीची विद्या मिळवायची होती.

काकींनी पत्र दोनदा वाचून घेतले. "म्हंजे पत्ते खेळून साकव?"

"पत्ते नाहीत काकी. संगणक."

"त्यापरीस पत्ते बरे. मना येतात."

रत्नागिरीच्या कार्यालयात थंडगार खोली होती. काकी, मी आणि महिपत असे तिघे गेलो. अभियानाचे प्रमुख श्री. आंबर्डेकर साहेब यांनी उद्घाटनपर भाषणात सांगितले की, जग हे एक मोठे टेबल आहे आणि टेबलावर जो बसतो त्यालाच मिळते. आम्ही मागच्या बाकावर बसलो होतो. मग वेदिका नावाची मुलगी पुढे आली. तिच्या गळ्यातल्या कार्डावर ‘सुलभक’ असे लिहिलेले होते. तिने पडद्यावर हिरवे बेट दाखवले, त्यावर आमचे राज्य दाखवले आणि चार कोपऱ्यांत चार राजे दाखवले.

"तांबडा, निळा, पिवळा आणि हिरवा," ती म्हणाली. "चारही राजे कॉम्प्युटरच खेळतो."

"म्हंजे ह्येंच्या मागं मानूस नाय?" काकींनी विचारले.

"कुणीच नाही."

"मंग वळखीचाच कारभार हाय," महिपत म्हणाला. आंबर्डेकर साहेबांनी त्याच्याकडे पाहिले.

खेळ वास्तवाला धरून असावा म्हणून गावाचा खराखुरा साठा त्यात भरायचा होता. यादी मीच दिली. बाराशे चिरे, चोवीस वासे, ट्रॉलरचे लोखंड, आणि वाडीचा अंदाजे तांदूळ. वेदिकाने ते आकडे टाइप केले आणि आमच्या राज्यात चिऱ्यांची एक सुबक रास उभी राहिली. ती बघून महिपतला बरे वाटले.

पहिल्या दिवशी काकींनी जे केले ते कांदळकोंडच्या बाहेरचा माणूस करणार नाही. नवे शेजारी दिसल्याबरोबर त्यांनी चौघांनाही वानवळा पाठवला. थोडा तांदूळ, थोडी सुकी मासळी. बदल्यात काय हवे, या रकान्यात त्यांनी काहीही लिहू दिले नाही. तसे विचारणेच त्यांना असभ्यपणाचे वाटले. पडद्यावर अक्षरे आली, ‘निळ्या राजाने तुमची भेट स्वीकारली आहे. तुमच्याविषयीचे मत: संशयी.’ मग काकी हाताची घडी घालून बसल्या.

"काकी, तुमची पाळी," वेदिका म्हणाली.

"माजी कशी? मी धाडलंय. आता टोप परत येऊ दे."

"कुठला टोप?"

मला समजावून सांगावे लागले. आमच्याकडे शेजाऱ्याचे भांडे कोणी रिकामे परत करत नाही. घरात काही नसेल तर दोन मिरच्या, चिमूटभर साखर तरी घालून देतात. काकी पाळी सोडत राहिल्या आणि टोपाची वाट पाहत राहिल्या. अकरा पाळ्या. तेवढ्यात पिवळ्याने दोन किल्ले बांधले आणि तांबड्याने आमचाच तांदूळ खाऊन फौज वाढवली. पहिला वानवळा कमी पडला असेल म्हणून काकींनी दुसरा पाठवला, तोही मोठ्या टोपातून. संध्याकाळी निकाल लागला. औदार्य शंभर, आकलन शून्य, धान्य शून्य.

"गावाला मूलभूत प्रशिक्षणाची गरज आहे," असा शेरा साहेबांनी मारला. त्यामुळे आम्हाला दर महिन्याला बोलावणे आले.

माघात काकी शिकल्या. फाल्गुनात तयार झाल्या. मासळीबाजारात जिने आयुष्य काढले तिला घासाघीस शिकवावी लागत नाही, फक्त समोरच्याच्या तोंडाकडे बघता येत नव्हते याचे त्यांना वाईट वाटे. तांबड्या राजाकडे पूलबांधणीची विद्या होती. त्याला तीनशे चिरे देऊ केले तर उत्तर आले, ‘तुमचा प्रस्ताव आम्हाला अपमानास्पद वाटतो.’ पाचशे देऊ केले. ‘तुमच्या वाढत्या प्रगतीची आम्हाला चिंता वाटते.’ पिवळ्याला विश्वासाने आपला नकाशा दिला, तर पुढच्याच पाळीला तो नकाशा उरलेल्या तिघांकडे होता. चौघेजण आपापसांत सगळे अर्ध्या भावात देत-घेत होते आणि आमच्यासाठी दर वेगळा होता.

"ह्ये चौगं एकाच ऑफिसात जेवतात," काकी म्हणाल्या.

पडद्यावरच्या सौद्याच्या चौकटीत तळाशी एक बटण होते. त्यावर लिहिले होते, ‘काय दिल्यास हा व्यवहार आपणांस मान्य होईल?’ ते दाबले की राजा जे पाहिजे ते सरळ सांगून मोकळा होई. काकींना ते बटण फार आवडले. त्या साहेबांना म्हणाल्या, "साहेब, असं एक बटन तुमच्या टेबलावर बसवा. आमी दोन वर्सं तेच तर इचारतांव." साहेबांनी ही सूचना ‘अभिप्राय’ या सदरात नोंदवून घेतली.

चैत्रात काकींनी बटण दाबले आणि तांबड्याने आपली किंमत सांगितली. पूलबांधणीची विद्या आणि वर एक बांधून तयार पूल. बदल्यात सगळे चिरे, सगळे वासे, सगळे लोखंड.

काकी थबकल्या. "वेदिका, ह्ये खेळातले चिरे ना?"

"हो काकी. खेळातलेच."

"खरे नाय ना?"

"नाही हो. आकडे आहेत नुसते."

"मंग दे," काकी म्हणाल्या. "खेळातला साकव येऊ दे, म्हंजे खऱ्याची परवानगी मिळंल." अक्षयाला तेव्हा सहावा महिना होता.

ढोल वाजले. आमच्या फाट्यावर दोन बुरूज, तीन कमानी आणि वर निशाणे असा पांढराशुभ्र पूल उभा राहिला. खाली हंस पोहत होते. खोलीतल्या सगळ्या सरपंचांनी टाळ्या वाजवल्या. महिपतने फक्त विचारले की, पाया कुठे घेतला.

आठ दिवसांनी परवानगीऐवजी ट्रक आला. पाठोपाठ आंबर्डेकर साहेबांची गाडी. काठावरच्या चिऱ्यांकडे बोट दाखवून साहेब म्हणाले, "भरा."

"साहेब, ते साकवाचे आहेत," मी म्हणालो.

"होते. व्यवहारानंतर तुमच्या गावाचा दगडाचा साठा शून्य आहे. नोंदीत शून्य आणि जागेवर बाराशे, ही तफावत झाली. भौतिक पडताळणीत तफावत चालत नाही."

"पण दिले ते खेळातले."

"खेळात तुम्ही कुठले भरले होते?"

"हेच."

"मग तांबड्या राजाला गेले ते कुठले?"

यातली चूक मला अजूनही सापडलेली नाही. महिपत मधे पडला. "तांबडा राजा हाय कुटं? त्येला बोलवा, मी बोलतंय त्येच्याशी."

"राजा ही संगणकीय संज्ञा आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "त्याचा साठा सांभाळण्याची जबाबदारी कार्यालयाची." मग त्यांनी माझ्यापुढे फॉर्म धरला. "विनीतराव, सही."

"विनीत, सही करू नको," काकी म्हणाल्या.

मी केली. सही नाही केली तर गावाच्या सगळ्याच फायली थांबतील असे साहेब हळू आवाजात म्हणाले होते, आणि आयुष्यभर ज्याने फायली पुढे ढकलल्या त्याला फाईल थांबण्याची भीती माणूस बुडण्यापेक्षा जास्त वाटते. मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली. आजही वाटते. चिरे गेले, वासे गेले, लोखंड गेले. पुढे कार्यालयाच्या गाड्या उभ्या करण्याच्या जागेला जांभ्याची छान कंपाउंड वॉल झाल्याचे मी स्वतः पाहिले. तिच्यावर पाटी आहे, ‘अभिरक्षेतील साठा. पान खाऊन थुंकू नये.’

वैशाखात काकी आणि मी कार्यालयात गेलो. विद्येचे प्रमाणपत्र दाखवले आणि साकवाची परवानगी मागितली.

"पुन्हा?" साहेबांनी संगणकाकडे पाहिले. "तुमच्याकडे पूल आहे की."

"कुटं?"

साहेबांनी पडदा आमच्याकडे वळवला. जिल्ह्याच्या कामांच्या यादीत कांदळकोंडपुढे लिहिले होते, पूल, पूर्ण. शेजारी कमानींचे ते चित्र. खेळातून प्रगतीची माहिती थेट यादीत जाते, मध्ये मानवी हस्तक्षेप होत नाही, ही या अभियानाची खासियत असल्याचे साहेबांनी अभिमानाने सांगितले. यादीतून ती नकाशात जाते. नकाशा सगळ्या खात्यांना जातो.

"साहेब, तो चित्रातला पूल हाय," काकी म्हणाल्या. "माजी सून चित्रावरनं चालत जायाची काय?"

"काकी, तुम्ही इतक्या नकारात्मक का?"

मी विचारले, नोंद रद्द करता येईल का. येते, असे साहेब म्हणाले. पूल नोंदीतून काढायचा तर तो पाडल्याचा दाखला लागतो. पाडायचा तर तो धोकादायक असल्याचा दाखला लागतो. आणि तो दाखला देण्यासाठी अभियंत्याने पुलावर उभे राहून पाहणी करणे बंधनकारक आहे. अभियंता यायला तयार होता. उभा कुठे राहणार, हा प्रश्न त्याने लेखी विचारला होता आणि त्यावर मार्गदर्शन मागवलेले होते.

गाव गप्प बसले नाही. महिपतने माडाचे चार ओंडके आडवे टाकून माणूस जाईल एवढी वाट केली. ज्येष्ठात नोटीस आली. अधिकृत पुलाच्या शेजारी अनधिकृत समांतर पूल उभारल्याबद्दल. ओंडके उचलून नेले. मग धाकू तांडेलाचे पत्र आले. पूल उपलब्ध असलेल्या ठिकाणी होडीची आवश्यकता उरत नसल्याने त्याच्या होडीचा परवाना पुढे चालू ठेवता येत नाही. धाकू ते पत्र घेऊन माझ्याकडे आला. मी वाचून दाखवले.

"म्हंजे आता नेता येयाचं नाय?"

"पकडले तर होडी जप्त करतील."

"अडीच वर्सं मी येकाला बुडवला नाय," धाकू म्हणाला. चार दिवसांनी त्याने होडी पूर्णगडला नेऊन विकली आणि तो तिकडेच मुलीकडे राहायला गेला. फाट्यात आता काहीच उरले नव्हते.

काकींनी अक्षयाला आधीच रत्नागिरीला नेऊन ठेवायचे ठरवले. हर्षदच्या ओळखीने एक खोलीही बघितली. अवसेच्या दोन दिवस आधी निघायचे ठरले, ओहोटी बघून. पण अक्षयाला अवसेच्या चार दिवस आधीपासून ताप होता, बाहेर पाऊस कोसळत होता, आणि ताप उतरला त्याच दिवशी सकाळी, अवसेला, नऊ वाजता कळा सुरू झाल्या.

मी गाडी बोलावली. खोटे बोलणार नाही, गाडी पंचवीस मिनिटांत आली. वरच्या वाडीच्या काठावर उभी राहिली. इकडच्या काठावर आम्ही. चौघांनी अक्षयाला खुर्चीत बसवून आणले होते. मध्ये सत्तर फूट पाणी, आणि ते चढत होते. भरती साडेअकराची होती.

ड्रायव्हर खाली उतरला, हातातला फोन बघत इकडे तिकडे फिरला आणि ओरडला, "पुलावरनं या की!"

"पूल नाय!" महिपत ओरडला.

"नकाशात हाय!"

"कुटं?"

"तुमी उभे हाव ना, तितंच!"

त्याची चूक नव्हती. त्याने आपल्या मुख्य कार्यालयाला फोन लावला. तिकडून त्याला सांगण्यात आले की, गाडी पुलाच्या तोंडाशी आहे, पेशंटही पुलावरच दिसतो आहे, तेव्हा अडचण नेमकी काय ते स्पष्ट करावे. तो बिचारा पावसात उभा राहून स्पष्ट करत राहिला. नर्स काठावर येऊन हातवारे करून काय करावे ते सांगत होती, आणि वाऱ्यात तिचे अर्धे शब्द आमच्यापर्यंत येत नव्हते. डोंगराच्या वाटेने न्यावे तर नऊ किलोमीटर, आणि वाटेत दरड आलेली.

महिपत आणि आणखी दोघांनी पाठ करून मेणकापड धरले. मीही एक कोपरा धरला. आत काकी आणि चिमा सुईण. अक्षया ओरडत होती, नंतर ओरडायची थांबली, आणि ते थांबणे जास्त वाईट होते. अकरा चाळीसला मूल रडले. मुलगी. काकींनी आतून सांगितले, "पोर बरी हाय." मेणकापडाखालून चिखलात जे वाहत आले ते नुसते पावसाचे पाणी नव्हते.

"रगात थांबत नाय," चिमा म्हणाली.

मी पलीकडे ओरडून मूल झाल्याचे सांगितले. ड्रायव्हरने ते फोनवर कळवले. मग आम्ही पाणी उतरायची वाट बघत बसलो. दुसरे काही करण्यासारखे नव्हते. महिपत एकदा पाण्यात शिरला, गळ्यापर्यंत गेला आणि परत आला. काकी सुनेच्या पोटावर मूठ दाबून बसल्या होत्या, हात भरून आला की चिमा, चिमाचा भरून आला की पुन्हा काकी. अडीच वाजता पाणी कंबरेला आले तेव्हा चौघांनी खुर्ची खांद्यावर घेतली आणि चिखलात शिरले. अक्षयाचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

ती जगली. पाच पिशव्या रक्त चढवले, नऊ दिवस ठेवून घेतले. आता मूल व्हायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. ते हर्षदने ऐकले, आणि तो दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला.

दहाव्या दिवशी मी जन्माची नोंद करायला बसलो. जन्मस्थान या रकान्यात आधीच लिहिलेले होते, ‘कांदळकोंड पूल’. गाडीच्या नोंदीवरून ते आपोआप आले होते. बदलायचा प्रयत्न केला तर लाल अक्षरे आली, ‘या ठिकाणी पूल उपलब्ध आहे.’

त्याच दिवशी काकींच्या घरी गेलो तेव्हा आंबर्डेकर साहेबांचे अभिनंदनाचे पत्र सोबत होते. अवसेच्या दुपारी, बारा वाजून पाच मिनिटांनी, अभियानाच्या पानावर झळकलेली बातमी त्यांनी पत्राला जोडली होती. ‘नव्या पुलावर पहिल्या कन्येचे स्वागत! कांदळकोंडमध्ये आनंदाचे वातावरण.’ वर पांढऱ्या कमानींचे चित्र, कोपऱ्यात कुठल्यातरी गोऱ्यापान बाळाचा हसरा फोटो. साडेचार हजार लोकांनी ती पुढे पाठवली होती. मुंबईत, पुण्यात, दुबईत. खाली अभिप्रायांची रांग होती.

काकींच्या मांडीवर नात होती. आतल्या खोलीत अक्षया पडून होती. "काय लिवलंय ता वाच," काकी म्हणाल्या.

मी वाचू लागलो. खूप खूप अभिनंदन. आपलं कोकण बदलतंय. नावे ठेवणाऱ्यांनी हे बघावे. काकी प्रत्येक नावाला थांबवून विचारत, हा कोण, ही कोण, आपल्याकडची का. मी म्हणे, माहीत नाही. त्यांना राग आला असेल असे मला वाटले होते. तसे नव्हते. त्या खरोखरच ओळख पटवू पाहत होत्या.

"ह्येतल्या येकानं तरी इचारलान काय, बाळंतीन कशी हाय म्हनून?"

मी खालपर्यंत बघितले. "नाही काकी."

"बरं. वाच फुडं."

पुढचे नाव, वाचक महोदय, आपले होते. आपण अंगठा दाखवला होता, तीन वेळा टाळ्या वाजवल्या होत्या आणि लिहिले होते, ‘असे अधिकारी प्रत्येक जिल्ह्यात हवेत.’ वेळ बारा पन्नास. त्या वेळी फाट्यात छातीच्या वर पाणी होते आणि मूठ दाबायची पाळी काकींची होती. हा कोण, असे त्यांनी आपल्याविषयीही विचारले आहे. काय सांगायचे ते आपणच कळवावे.